पाठ झालेला तक्ता

माझ्या मधल्या मुलीने उजवीकडे बोट दाखवलं. डोळे तपासायच्या तक्त्यावरच्या चिन्हाचं उघडं तोंड खाली होतं. शाळेच्या नर्सबाईंनी लाकडी पट्टी पुढच्या चिन्हावर नेली. मधलीने पुन्हा उजवीकडे दाखवलं, आणि ते वर उघडत होतं. तिसऱ्या वेळी तिने हात उचलला, तसाच हवेत धरला, तक्त्याकडे पाहायचं सोडून नर्सबाईंच्या चेहऱ्याकडे पाहिलं, तिथे काही उत्तर मिळतंय का ते चाचपलं आणि मग डावीकडे बोट केलं. ते बरोबर आलं. दिशा चारच असल्या की आंधळेपणानेही चारातलं एक बरोबर येतंच, हे मला कुणी शिकवायला नको. सतरा वर्षं मी चष्म्याच्या दुकानात हाच धंदा करतोय. दाराजवळच्या लहान मुलांच्या खुर्चीत मी गुडघे पोटाशी घेऊन बसलो होतो, मांडीवर तिचं नवंकोरं दप्तर होतं, आणि त्याच्या पट्ट्याचा चाप मी उघडत होतो, लावत होतो. खट्. खट्. नर्सबाईंनी मान वळवून पाहिलं तेव्हा थांबलो. "आता दुसरा डोळा झाक, बाळ," त्या म्हणाल्या. मधलीने तळहाताने डोळा झाकला, बोटं जुळवून, मधे फट न ठेवता, अगदी मी शिकवलं होतं तसा.

नव्या मुलांच्या तपासणीला पालकांपैकी एकाने हजर राहायचं, असा या शाळेचा नियम. धाकट्याची काल झाली, त्याच्याबरोबर बायको आली होती. थोरलीच्या वर्गाची पुढच्या आठवड्यात. शाळा सुरू होऊन अकरा दिवस झाले होते. नर्सबाई टेबलाशी बसून कार्ड भरायला लागल्या. उंची, वजन, दात. डोळ्यांच्या चौकोनात त्यांनी लाल शाईने दोन अपूर्णांक लिहिले. मला ते उलटे दिसत होते, पण उलटं वाचायची मला सवय आहे. सहा मीटरवरून सहाव्या ओळीऐवजी दुसऱ्या ओळीपर्यंतच पोचलेली नजर. "मुलीला चष्मा लागणार," त्या म्हणाल्या, "आजचा नाही हा नंबर, बरेच दिवसांचा असावा. तुमच्या लक्षात नाही आलं कधी?" मी म्हणालो, नाही. "होतं असं. घरी कुठे एवढं कळतं!" त्यांनी माझी समजूत घातली आणि पेन खाली सरकवलं. "वडिलांचा व्यवसाय?"

"दुकान आहे."

"कसलं?"

मधली बाजूला उभी राहून बुटाच्या टोकाने फरशीवरची रेघ गिरवत होती. तिचा पाय थांबला.

"घड्याळांचं," मी म्हणालो.

नर्सबाईंनी ते व्यवस्थित अक्षरात लिहून घेतलं. मधलीने माझ्याकडे पाहिलं, डोळे बारीक करून, कपाळाला आठी घालून. तिची ही लकब आम्हाला सगळ्यांना फार आवडायची. तिचं असं झालं की बायको म्हणायची, विचारवंत बघा. पाहुण्यांसमोर आम्ही तिला मुद्दाम काहीतरी दुरून दाखवायचो, म्हणजे ती तशी आठी घालेल आणि सगळे हसतील.

आमच्या घरात वाढदिवसाची एक रीत आहे. केक संध्याकाळी, पण सकाळी आधी दुकान. मुलं शहाण्यासारखी तोंड धुऊन येतात, मी शटर अर्धं उचलतो, सगळे वाकून आत शिरतो आणि जिचा किंवा ज्याचा वाढदिवस असेल त्याला तपासणीच्या उंच खुर्चीत बसवतो. दुकान जेमतेम तीन मीटर लांब. म्हणून तक्ता खुर्चीच्या मागच्या भिंतीवर आहे, अक्षरं उलटी छापलेली, आणि समोर आरसा. आरशात अक्षरं सुलटी होतात आणि अंतर सहा मीटर होतं. माझ्या उस्तादांनी मला दुकान सोपवलं तेव्हा हा तक्ता भिंतीवर होता, आजही तोच आहे. त्याचे कोपरे पिवळे पडले, पण मी बदलला नाही. गिऱ्हाईक वर्षा-दोन वर्षांनी एकदा येतं, त्याच्या काय लक्षात राहतंय! पण माझी मुलं त्या तक्त्याखाली रांगली. पाळणाघर परवडत नव्हतं तेव्हा तिघंही आळीपाळीने काउंटरमागे वाढली, अक्षरओळख व्हायच्या आधी त्यांना शेवटची ओळ यायची. ल ब ठ न द ग प. एका दमात म्हणायची: लबठनदगप! तो आमच्या घरातला शब्दच होऊन बसला. भाजी कशी झाली? लबठनदगप. ताप उतरला का? लबठनदगप. म्हणजे सगळं उत्तम. वाढदिवसाला खुर्चीत बसलेलं पोर तो शब्द ओरडायचं, मी दुसरा डोळा झाकायला सांगायचो, ते पुन्हा ओरडायचं, आणि मी जाहीर करायचो, एकदम झकास, शंभर वर्षं चष्मा नको. टाळ्या. यात कुणाचं काही चुकतंय असं माझ्या एकदाही मनात आलं नाही. मुलं वाचत नव्हती, म्हणत होती. गिऱ्हाइकाच्या डोळ्यांत मी बॅटरी मारून आतली चमक कशी सरकते ते पाहतो, दहा वेळा काचा बदलतो, म्हाताऱ्यांशी डोकं फोडतो. घरच्यांच्या डोळ्यांत कशाला बॅटरी मारायची? ती तर आपलीच आहेत.

फाटकावरच्या पहारेकऱ्याला चिठ्ठी देऊन मी तिला घेऊन बाहेर पडलो. दीडचा सुमार असेल. वर्गशिक्षिकेला मी सांगितलं, डॉक्टरकडे नेतोय. एका दिवसात दुसरी थाप. ही शाळा आहे मोठी देखणी, हे मान्य करायला हवं. पायऱ्यांवर कुंड्या, भिंतींना अजून रंगाचा वास, आणि तास संपला की घंटेऐवजी कुठल्याशा वाद्याची धून वाजते. पहिल्या दिवशी धाकटा ती ऐकून नाचला होता. त्याचं कुठेही जमतं. त्याला बस आवडते, बसमधली खिडकी आवडते, बसचा चालक त्याला साहेब म्हणतो तेही आवडतं. मला फक्त जमिनीचा त्रास होतो. इतकी गुळगुळीत की प्रत्येक पाऊल करकरतं, आणि कुठेही निघालो तरी आपण निघालोय हे सगळ्या इमारतीला कळतं. फाटकापर्यंत मधली माझ्या बाजूने चालत आली आणि तिचे बूट वाजत नव्हते. ती पाय उचलत नव्हती, घासत नेत होती. पायरी आली की आधी बुटाचं टोक पुढे करून बघायची, मग उतरायची. हे केव्हापासून? मी आठवायला लागलो. टीव्हीच्या अगदी समोर बसते म्हणून मी तिच्यावर ओरडलो होतो. म्हणालो होतो, डोळे बिघडतील. मी! खरंच म्हणालो होतो.

रस्त्यात ती म्हणाली, "बाबा, घड्याळांचं का सांगितलंत?"

"चुकून."

"बरं," ती म्हणाली, आणि थोडं चालून झाल्यावर, "ताईला नाही सांगणार मी."

ताईला न सांगण्याची एक गोष्ट आमच्या घरात आधीच होती, आणि ती या मुलीला माहीत नव्हती.

जुनी शाळा घरापासून चालत सात मिनिटं. तिघं हात धरून जायची, तिघं परत यायची. एका वर्गात साठ मुलं, बाकांना खिळे, पण चालली होती. मग मधलीचे गुण घसरायला लागले. आधी गणितात, मग सगळ्यात. रोजनिशीत शेरा यायचा: फळ्यावरचे उतरवून घेत नाही. मी तो शेरा तीन वेळा वाचला आणि तीन वेळा सही केली. शेवटी बाईंनी भेटायला बोलावलं. बाई साठीला आलेल्या, आवाज खोल, आणि त्यांच्या नाकावरचा चष्मा माझ्याच दुकानातला. मी आधी तो चष्माच पाहिला. उजवी काडी सैल झाली होती. बाई म्हणाल्या, मुलगी गुणी आहे, तोंडी विचारलं की सगळं सांगते. एकदा तिचे डोळे तपासून घ्या. एवढंच. शांतपणे, वर्गात दुसरं कुणी नसताना. आणि माझ्या नाकाला मिरच्या झोंबल्या. मी म्हणालो, बाई, तुम्ही कुणाशी बोलताय ठाऊक आहे ना? तिचे डोळे मी दर वर्षी तपासतो. तुमच्या वर्गात साठ मुलं आहेत आणि तुम्हाला शिकवता येत नाही, ते आधी बघा. हे शेवटचं वाक्य मी म्हणालो. आरसा नव्हता म्हणून बरं, मला माझं तोंड दिसलं नाही. बाई फक्त म्हणाल्या, "ठीक आहे. तुम्ही वडील आहात."

घरी आलो तेव्हा डोकं भणभणत होतं आणि सगळी माझ्या तोंडाकडे बघत होती. बायकोने विचारलं, काय म्हणाल्या बाई? मी म्हणालो, म्हणतात मुलगी मंद आहे. हे वाक्य कुठून आलं, मला आजही सांगता येणार नाही. माझा अपमान झाला होता असं मला वाटत होतं, आणि तो अपमान घरच्यांना कळेल अशा भाषेत सांगायचा होता. मधली तिथेच होती, पाटीएवढ्या वहीत तोंड घालून. बायको भडकली. म्हणाली, अशा शाळेत एक दिवस ठेवायचं नाही. मग ते आपोआप चालू झालं. मी नव्या शाळेचे अर्ज आणले, तिघांचे, कारण आमच्याकडे तिघांचं सगळं एकत्र; एकीला काढायचं तर तिघांना. थोरली नववीत. तीन वर्षं तिने जुन्या शाळेच्या बँडमध्ये झांजा वाजवल्या होत्या, यंदा मोठा ड्रम तिच्याकडे येणार होता, जाहीरही झालं होतं. घरभर तिची बोटं वाजायची: टेबलावर, दारावर, धाकट्याच्या डोक्यावर. नव्या शाळेत बँड नाही. नवी शाळा सुरू व्हायच्या आदल्या दिवशी तिने एकदाच विचारलं, मी तरी तिथे राहू का? मी म्हणालो, बहिणीला कुणी मंद म्हणतं आणि तुला ड्रम सुचतोय? ती गप्प झाली ती झालीच. अकरा दिवस ती माझ्याशी थेट बोललेली नाही. "आई, त्यांना सांग वही आणायची आहे." मी त्याच टेबलाशी बसलेलो असतो. आणि तिची बोटं वाजायची बंद झाली. मला वाटलं होतं ती शांतता बरी वाटेल. नाही वाटली. हल्ली जेवताना मीच टेबलावर बोटं आपटतो, आणि सगळी माझ्या हाताकडे बघतात.

दुकानाचं शटर उघडून मी मधलीला खुर्चीत बसवलं. तिने सवयीने आरशाकडे पाहिलं आणि तोंड उघडलं. "थांब," मी म्हणालो. तक्ता खिळ्यावरून काढला. मागे भिंतीवर त्याच्याच आकाराचा स्वच्छ चौकोन निघाला. जुन्या दिनदर्शिकेची दोन पानं पालथी घालून कोऱ्या बाजूवर जाड काळ्या पेनाने मी नवी अक्षरं काढायला बसलो, उलटी, मोठी, मग बारीक, मग आणखी बारीक. अक्षरं वेडीवाकडी आली. वर्षानुवर्षं मी लोकांना सांगत आलोय, दुसरी ओळ अडली तरी घाबरायचं नाही, आणि माझ्या मुलीपुढे ते कागद टांगताना मला वाटत होतं की तिने सगळं घडाघडा वाचावं आणि त्या नर्सबाई मूर्ख ठराव्यात. मी तसं मनापासून मागत होतो, हे कबूल करतो. ती आरशाकडे बघत राहिली. कपाळाला आठी पडली. वरचं एक अक्षर तिने वाचलं. दुसऱ्या ओळीत अडखळली. मग ती हळूच म्हणाली, "हे नवीन आहे. हे मला पाठ नाही."

मी बॅटरी घेतली आणि सतरा वर्षांत पहिल्यांदा माझ्या मुलीच्या डोळ्यांत पाहिलं. काम करताना माझे हात आपोआप चालतात. जड गोल फ्रेम तिच्या नाकावर बसवली, काचा सरकवल्या, एक काढ, एक घाल, आता बरं की आधी बरं? ती इमानदारीने उत्तरं देत होती. उजवा वजा सव्वादोन, डावा वजा पावणेदोन. कागदावरची शेवटची ओळ तिने वाचली. मग न विचारता मान वळवली आणि उघड्या दारातून रस्त्याकडे बघत बसली. पलीकडच्या बाजूला किल्ल्या बनवणारा बसतो, त्याच्याकडे ती कितीतरी वेळ पाहत होती.

"त्या काकांना मिशी आहे," ती म्हणाली.

"आहे."

"तुम्हाला इथून दिसते? नेहमी?"

"तू सांगितलं का नाहीस कधी? दिसत नाही म्हणून?"

तिला प्रश्नच कळला नाही असं वाटलं. "तुम्ही तपासायचात ना! झकास म्हणायचात. मला वाटलं सगळ्यांना असंच दिसतं. फळा सगळ्यांना असाच पांढुरका दिसतो, फक्त बाकीचे हुशार आहेत म्हणून त्यांना ओळखता येतं त्यावर काय आहे ते." तिने फ्रेमच्या कडेला हात लावला. "मी मंद ना. बाई म्हणाल्या होत्या ना तसं."

खाली ठेवायची काच माझ्या हातातच होती. तेव्हाच बोलायला हवं होतं. मी ती काच रुमालाने पुसली, उजेडाला धरली, पुन्हा पुसली, पेटीत तिच्या खाचेत ठेवली, आणि ती खाच चुकीची आहे म्हणून परत काढली. माझ्या मनात काय चाललं होतं ते सांगतो, सांगायची लाज वाटते तरी. मी हिशोब लावत होतो की हे असंच राहू दिलं तर काय बिघडतंय. चष्मा लागेल, गुण वाढतील, नवी शाळा लाभली असं घरात म्हणतील. बाईंना कोण विचारायला जाणार आहे? मग कोपऱ्यावर शाळेच्या बसचा हॉर्न वाजला. तीन वाजून गेले होते. बस मुलांना रोज दुकानापाशीच सोडते.

धाकटा आधी आत घुसला. "ही रोबो झाली!" तो ओरडला, आणि मलाही हवं, मलाही हवं म्हणत काचांच्या पेटीकडे धावला. मी पेटी वर उचलली. थोरली दारात थांबली. तिने बहिणीच्या नाकावरची फ्रेम पाहिली, भिंतीवरचा रिकामा चौकोन पाहिला, दिनदर्शिकेची टांगलेली पानं पाहिली. माझ्याकडे पाहिलं नाही. "काय झालं गं?" तिने बहिणीला विचारलं. "वर्गात का नव्हतीस? बसमध्ये मी किती शोधलं तुला!"

"काही नाही," मधली लगबगीने म्हणाली. "नंबर आलाय. या शाळेतले दिवे फार पांढरे आहेत ना, त्याने आला. आत्ताच आला. हो ना, बाबा?"

दहा वर्षांची मुलगी मला वाचवत होती. नर्सबाईंच्या टेबलाशी तिने माझी थाप ऐकली होती, आणि तिला वाटलं असणार की आपल्या घरात असंच करतात. मला फक्त हो म्हणायचं होतं. थोरली उंबऱ्यात एक पाय आत, एक बाहेर अशी उभी होती, आणि अकरा दिवसांत पहिल्यांदाच माझ्या उत्तराची वाट बघत होती.

"नाही," मी म्हणालो. "आत्ता नाही आला. दोन वर्षं झाली असतील. मी तक्ता बदलला नाही, तुम्हाला तो पाठ होता, आणि ते माझ्या डोक्यात आलं नाही. हिला फळा दिसत नव्हता."

थोरलीने दप्तर खांद्यावरून उतरवून जमिनीवर ठेवलं. "आणि बाई? त्यांना कळलं नाही? नुसतंच मंद म्हणाल्या?"

"बाई तसं म्हणाल्या नव्हत्या."

"मग काय म्हणाल्या?"

"म्हणाल्या, मुलगी गुणी आहे. एकदा डोळे तपासून घ्या." मी हे धाकट्याच्या डोक्यावरून भिंतीकडे बघत म्हणालो, मग जबरदस्तीने मान वळवून तिच्याकडे बघितलं. "मला राग आला. मी घरी येऊन खोटं सांगितलं. आईलाही ठाऊक नाही."

"म्हणजे आपण..." थोरली थांबली. "आम्ही उगाच शाळा बदलली?"

"हो."

"आता परत..."

"विचारून बघीन. पण जागा भरल्या असतील. ड्रमही कुणाला तरी दिला असेल."

"कुणाला दिलाय ते मला माहीत आहे," ती म्हणाली.

खुर्चीत मधलीने फ्रेम दोन्ही हातांनी घट्ट धरली होती, पडेल म्हणून. तिने विचारलं, "म्हणाल्याच नव्हत्या?" मी म्हणालो, नाही. "एकदाही?" एकदाही नाही. मग ती रडायला लागली, मोठ्याने, भोकाड पसरून, जशी ती दोन-तीन वर्षांची असताना रडायची. जड काचांखाली पाणी साचायला लागलं. मी पुढे झालो, पण तिने हात लावू दिला नाही. "बाईंना मी शेवटच्या दिवशी नमस्कार नाही केला," ती हुंदक्यांतून म्हणाली. "त्या दारात उभ्या होत्या. मी बघितलंच नाही त्यांच्याकडे." धाकटा घाबरून माझ्या पायाला बिलगला. थोरलीने पुढे येऊन बहिणीच्या नाकावरून फ्रेम अलगद काढली, काउंटरवर ठेवली, ओढणीने तिचे डोळे पुसले आणि तिला खुर्चीतून खाली उतरवलं. मला वाटलं, आता ही दोघांना घेऊन घरी जाणार. तसं झालं असतं तर मला बरं वाटलं असतं, थोडा वेळ एकट्याला मिळाला असता. मी शटरची काठीसुद्धा हातात घेतली.

पण ती गेली नाही. ती स्वतः त्या उंच खुर्चीत चढून बसली. पाठ ताठ केली, आरशाकडे न बघता सरळ माझ्या तोंडाकडे बघितलं आणि तळहात डाव्या डोळ्यावर ठेवला.

"माझे तपासा," ती म्हणाली. "आणि ही अक्षरं नकोत. आत्ता दारात उभी असताना मी ती बघितलीत. दुसरी काढा."

मी पेन उघडलं आणि कोरा कागद शोधायला लागलो.